द ब्लॅक क्रोज: पंधरा वर्षांनी नवीन गाणी, आणि तीही दोघा भावांनी मिळून

रिवाइंडिंगवाला | २७ मार्च २०२४, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

इंग्रजी गाण्यांवर इथं धागे निघतात ते बहुतेक मुंबई-पुण्याकडून. म्हटलं यवतमाळ जिल्ह्यातूनही एक निघू द्या. होळी झाली, कापसाची उलंगवाडी झाली, आता ओलितवाल्यांच्या मोटारी जळायला लागल्या, म्हणजे माझा सीझन सुरू. दिवसभर दुकानात तांब्याची तार गुंडाळायची आणि डोक्यावरच्या स्पीकरवर काहीतरी लावून ठेवायचं. सध्या एकच अल्बम फिरतोय. बाजूच्या चहावाल्यालाही आता तो पाठ झाला असेल.

१५ मार्चला द ब्लॅक क्रोज या अमेरिकन हेवी ब्लूज रॉक बँडचा 'हॅपिनेस बास्टर्ड्स' आला. याआधीचा त्यांचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम २००९ चा. तो त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकला, ड्रमर लेव्हॉन हेल्मच्या खळ्यासारख्या लाकडी स्टुडिओत, समोर लोक बसवून रेकॉर्ड केला होता. त्यानंतर जुनी गाणी नव्यानं वाजवणं झालं, २०२२ ला दुसऱ्यांच्या गाण्यांची एक छोटी तबकडीही झाली. स्वतःचं नवीन मात्र काहीच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ मॅरिएटा म्हणून गाव आहे, तिथले हे दोन सख्खे भाऊ. मोठा क्रिस रॉबिन्सन गातो, धाकटा रिच गिटार वाजवतो. १९९० ला पहिला अल्बम आला तेव्हा रिच वीस वर्षांचा होता. चमकदार चड्ड्या आणि फुगवलेल्या केसांच्या बँडांचा तो जमाना, आणि ही गोरी पोरं ओटिस रेडिंग या कृष्णवर्णीय सोल गायकाचं १९६८ चं गाणं वाजवून वर आली. त्या एका अल्बमच्या अमेरिकेतच पन्नास लाखांवर प्रती गेल्या. १९९२ चा दुसरा तर थेट पहिल्या नंबरवर. मला हे भेटले नागपुरात, आयटीआयच्या दिवसांत, रूम पार्टनरच्या कॅसेटवर. कॅसेट दुसऱ्या कोणाची तरी कॉपी मारलेली, कव्हरवर नाव बॉलपेननं लिहिलेलं.

भांडण तर यांचं पहिल्यापासूनच. पण २०१५ ला कळस झाला. रिचनं जाहीर निवेदन काढलं की क्रिस बँडच्या मालकीतला माझा बरोबरीचा वाटा मागतो, आणि ड्रमर स्टीव्ह गॉर्मननं तर आपला सगळाच वाटा सोडावा म्हणतो. बँड संपला. पुढची काही वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोललेच नाहीत. २०१९ ला समेट झाला, २०२० चा दौरा कोरोनानं खाल्ला, तो २०२१ ला निघाला. गॉर्मन काही परत आला नाही.

आता गाण्यांचं. दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खलास. निर्माता जे जॉइस, रेकॉर्डिंग नॅशव्हिलचं. पहिल्याच गाण्यात काचेची नळी गिटारच्या तारेवरून घसरत येते आणि मग सगळा बँड एकदम अंगावर येतो. चौथ्या गाण्याची रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) त्यांच्याच पहिल्या अल्बमची आठवण करून देते. काही लोक त्याला उचलेगिरी म्हणतील, मी म्हणतो स्वतःच्या वावरातून तूर आणली तर ती चोरी कशी? पाचव्यात लेनी विल्सन या कंट्री गायिकेचा आवाज आहे, तो मला फार रुचला. क्रिसचा आवाज खरखरीत, तिचा मऊ, पण दबत कोणीच नाही.

या सगळ्यात मी ऐकतो ते रिचचा उजवा हात. तो ठोक्याच्या किंचित मागं वाजवतो. ड्रम पुढं गेलेला असतो, गिटार अर्ध्या पावलानं मागून येते. त्या अर्ध्या पावलातच सगळं वजन आहे. 'हेवी' म्हणजे नुसता ॲम्प फुल करणं नाही. आमच्या चौकातला डीजे सध्या प्रचारात काय कमी मोठा आहे?

नावडलं काय? गाणी लवकर संपतात. यांची प्रत्यक्ष कार्यक्रमातली दहा-दहा मिनिटांची वादनं ज्यानं ऐकली त्याला वाटतं, अरे आता कुठं सूर लागला होता. शेवटचं गाणं मात्र संथ आहे, माउथऑर्गनवालं, समेटाचं. ते मी रात्री शटर ओढल्यावर लावतो.

तुम्ही परत आलेल्या बँडांची नवी गाणी ऐकता का? की जुनीच लावता?

---

वऱ्हाडी_ठसका | २८ मार्च २०२४, सकाळी ७:१५

काय बाप्पा भाऊ, हे तं आमच्या गावचंच झालं ना! दोघं भाऊ हातभर धुऱ्यासाठी कोर्टात जाते, तारखेवर तारीख घेते, वकिलाचा बंगला होते. अन् मंग एक दिवस पोराच्या लग्नात एकाच पंगतीत बसून बुंदी खाते. इकडं आपण दोघाइच्या बाजूनं भांडून सगळ्या गावाशी वाईट होऊन बसलो रायतो.

पण त्या ड्रमरचं काहून नाई जमलं बे? भाऊ भाऊ एक झाले, अन् सालदार बाहेर?

गाणं आयकतो आज. इंग्रजी समजत नाई, ठेका समजते.

---

पुणेरी_सुई | २८ मार्च २०२४, सकाळी १०:०२

धागा आवडला, लिहिलंय छान. पण 'हेवी ब्लूज रॉक' हे लेबल क्रोजला लावणं मला मान्य नाही. हा सदर्न रॉक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतला, त्यात सोल आणि गॉस्पेलची (चर्चमधल्या गाण्यांची) फोडणी. हेवी ब्लूजची वंशावळ वेगळी आहे: १९६६ ते ६८ चं क्रीम, १९६८ चं ब्लू चिअर हे बँड, आणि १९७० चा ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम, जो जवळजवळ एका दिवसात रेकॉर्ड झाला.

सॅबथला लोक मेटलचे आजोबा म्हणतात, पण मूळ नाव बघा: पोल्का टल्क ब्लूज बँड. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच! प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढं गिटार खालच्या स्वरात उतरवली. वजन तिथून आलं. २०१३ ला मूळ गायक ओझीसह अल्बम केला तोही १९७८ नंतर पहिल्यांदा. याला म्हणतात परतणं.

आणि आजचं खरं हेवी ब्लूज हवं असेल तर गव्हर्न्मेंट म्यूल हा बँड ऐका. १९९४ पासून चालू आहेत, २००० साली बेसवाला ॲलन वुडी गेला तरी थांबले नाहीत, गेल्या वर्षीही नवा अल्बम दिला. भांडण नाही, नाटक नाही, म्हणून बातमी नाही.

---

रिवाइंडिंगवाला | २८ मार्च २०२४, रात्री ९:३०

@पुणेरी_सुई, लेबलावरून मी भांडणार नाही, म्यूल मलाही आवडतात. पण 'हॅपिनेस बास्टर्ड्स'मधलं सातवं गाणं हेडफोन लावून ऐका आणि मग सांगा ते ब्लूज नाही म्हणून.

एक किस्सा तुमच्यासाठी. १९९१ मध्ये हे नवखे क्रोज झेडझेड टॉप या मोठ्या बँडच्या दौऱ्यावर त्यांच्या आधी वाजवायचे. दौऱ्याला बिअर कंपनीची प्रायोजकी. क्रिस स्टेजवरून रोज जाहिरातबाजीवर टोमणे मारायचा. शेवटी त्यांना काढलं, तेही अटलांटात, म्हणजे घरच्याच गावात! नवीन पोरांना एवढा मोठा दौरा मिळतो आणि हे तोंड आवरत नाहीत.

@ठसका भाऊ, गॉर्मनचं म्हणणं तुम्ही एका ओळीत मांडलं. मलाही ते खटकतं. पहिल्या अल्बमपासूनचा ठेका त्याचा होता. नव्या अल्बमचा ड्रमर वाईट नाही, पण मागं ओढणारा तो हिसका गॉर्मनचाच.

---

वऱ्हाडी_ठसका | २८ मार्च २०२४, रात्री १०:०५

ते बोटाचं वाचून कसंतरीच झालं राजेहो. आमच्या इकडं थ्रेशरात हात गेलेले दोघंतिघं हायेत. सोयाबीनच्या टायमाले घाई रायते, रात्री जागरण, बाही अटकते अन् झालं. त्यातला एक आता एका हातानं ट्रॅक्टर चालवते, कोणाचं आयकत नाई.

गाणं आयकलं. पयलंच भारी हाये. बायको म्हणे हा माणूस काहून बोंबलून रायला. म्हटलं भाऊ परत भेटला म्हणून.

---

सरकी | २९ मार्च २०२४, दुपारी ३:२०

हिंगणघाटची आहे, त्यामुळे ब्लूज आणि कापूस हा विषय निघणारच हे माहीत होतं. अजून कोणी काढला नाही, म्हणून मीच काढते.

ज्या मिसिसिपी डेल्टातून हे संगीत आलं तो कापसाचा पट्टा. ब्लूज गायक मडी वॉटर्स क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हल मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ मध्ये लोकगीतं जमवणाऱ्या ॲलन लोमॅक्सनं त्याच्या झोपडीत जाऊन त्याला रेकॉर्ड केलं, १९४३ ला तो शिकागोला गेला. तिथल्या गजबजलेल्या दारूच्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून हातात इलेक्ट्रिक घेतली. 'हेवी'चा उगम शोधायचा असेल तर बर्मिंगहॅमच्या आधी तिथं थांबावं लागेल.

डेल्टातल्याच चार्ली पॅटननं १९२९ मध्ये बोंड पोखरणाऱ्या किड्यावर गाणं रेकॉर्ड केलं. तो किडा मेक्सिकोतून १८९० च्या दशकात टेक्ससमध्ये शिरला आणि पुढं सगळा कापूस पट्टा त्यानं खाल्ला. आपल्याकडं २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं जे केलं ते आठवा. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि काळी पडलेली सरकी. वेचणीला गेलेल्या बाया रिकाम्या ओट्यांनी परत यायच्या, आणि मजुरी किलोवर असल्यानं त्यांचा रोजच बुडायचा. त्याच वर्षी यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली.

नातं त्याहून जुनं आहे. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, म्हणून इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा १८७० ला आला तो कापसासाठी. म्हणजे तिथल्या गुलामीच्या लढाईनं इथल्या शेतातलं पीक बदललं.

पण म्हणून 'आपलंही दुःख ब्लूजच' असं कोणी लिहू लागलं की मला राग येतो. आपल्या कापूसवेचणीच्या बायांना रेकॉर्ड करायला कोण गेलं? आणि क्रोजबद्दल एक प्रश्न: पहिल्या अल्बमचं नाव ब्लूजवाल्या एल्मोर जेम्सच्या गाण्याचं, गाजलेलं गाणं ओटिस रेडिंगचं. गोऱ्या पोरांनी पन्नास लाख प्रती विकल्या, नावं कोणाची लक्षात राहिली?

---

पुणेरी_सुई | २९ मार्च २०२४, संध्याकाळी ६:११

+१, हा या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पुरवणी जोडतो: ब्लूज गीतकार विली डिक्सननं आपलं गाणं उचलल्याबद्दल लेड झेपेलिन या बँडवर १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली. त्याच झेपेलिनचा गिटारवाला जिमी पेज १९९९ मध्ये ब्लॅक क्रोजबरोबर स्टेजवर उभा राहिला, आणि त्या कार्यक्रमांचा दोन तबकड्यांचा अल्बमही निघाला.

---

रिवाइंडिंगवाला | २९ मार्च २०२४, रात्री १०:५०

@सरकी ताई, ओटिस रेडिंग मला क्रोजमुळेच कळला. ही त्यांची बाजू नव्हे, फक्त माझी गोष्ट. कॅसेटवर गीतकाराचं नाव कधीच नसायचं. आता ओटिस मी क्रोजपेक्षा जास्त ऐकतो.

एका बाबतीत तुमच्याशी पूर्ण जुळत नाही. पोळ्याच्या झडत्या घ्या. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असतात, एक माणूस उभ्या-उभ्या सरकारला, सावकाराला, पाटलाला टोमणा मारतो आणि सगळा गाव 'हर हर महादेव' करून उचलून धरतो. एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उत्तर द्यायचं, हा शेतावरच्या माणसांचाच ढंग, आणि तो ब्लूजवाल्यांकडेही सापडतो. याला दुःख मिरवणं म्हणू नका, उलट चांगला दणकून टोमणा असतो. क्रिसनं बिअरवाल्यांना मारला तसा.

---

सरकी | २९ मार्च २०२४, रात्री ११:३०

झडत्यांचं मान्य. बिअरवाल्यांचं नाही, तो नुसता उद्धटपणा होता. 🙂

---

प्रशासक | ३० मार्च २०२४, सकाळी ९:००

या धाग्यावरचे निवडणुकीबद्दलचे काही प्रतिसाद हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

---

तिसरी_घंटा | ३ फेब्रुवारी २०२५, दुपारी १२:४५

धागा वर काढतोय. आज सकाळीच बातमी आली: ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमच्या यादीत 'हॅपिनेस बास्टर्ड्स' होता, पण बक्षीस गेलं रोलिंग स्टोन्सच्या 'हॅकनी डायमंड्स'कडे. तोही परतलेल्यांचाच अल्बम, स्वतःच्या नव्या गाण्यांचा २००५ नंतरचा पहिला. स्टोन्सचे जॅगर आणि रिचर्ड्स दोघंही ८१ चे. ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेला, तरी त्याच्या हातची दोन गाणी त्यात आहेत. शेवटचं मडी वॉटर्सचं, ज्यावरून बँडचं नाव पडलं तेच. सरकी ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात असावं.

धागाकर्त्यानं विचारलं होतं, नवीन ऐकता की जुनंच लावता. मी वडसा भागातला, झाडीपट्टी नाटकांत ऑर्गन वाजवतो. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की आमचा सीझन, तो होळीच्या आसपास संपतो. रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाटेपर्यंत खेळ. आमच्याकडे कंपनी कितीही जुनी असो, सीझनला नवीन नाटक लागतंच. गावातल्या मंडळानं पैसे मोजलेले असतात, आणि बुकिंगच्या वेळी पहिला प्रश्न 'यंदा नवीन काय?' मागच्या वर्षीचं नाटक कितीही गाजलेलं असो, तेच घेऊन त्याच गावात गेलं की दुसऱ्या अंकात लोक शेंगा फोडायला लागतात. प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी ऐकू येतो इतकं नवीन असलं तरी चालतं.

जुने कलाकार याला कंटाळत नाहीत. साठीचा विनोदी नट नवीन प्रवेशासाठी तालमीत पोरांपेक्षा आधी येऊन बसलेला मी पाहतो. नवीन काही पाठ करायचं असेल तर माणूस जागा राहतो. नुसती जुनी गाणी वाजवत फिरणारे बँड मला म्हणून झोपलेले वाटतात. क्रोजचा हा अल्बम मला तुमच्याइतका ग्रेट नाही वाटला, मधली तीन गाणी भरतीची आहेत, पण माणसं जागी आहेत हे ऐकू येतं.

---

वऱ्हाडी_ठसका | ३ फेब्रुवारी २०२५, दुपारी १:१०

घंटा भाऊ, एक लंबर बोलले. ८१ व्या वर्षी बक्षीस! आमच्याकडं साठीत माणूस पारावर बसून पेपर वाचते अन् सुनेले नावं ठेवते.

---

खंजिरी | ३ फेब्रुवारी २०२५, रात्री ८:२५

राम राम. मी गेले वर्षभर हा धागा नुसता वाचत होतो, आज खातं उघडलं. आमचं खंजिरी भजनाचं मंडळ आहे, मोझरीपासून जवळच. मी पेटी धरतो. पुतण्यानं गिटार घेतली आणि रिवाइंडिंग भाऊंचा धागा वाचून तो या दोघा भावांच्या नादी लागला. मीही ऐकलं.

माझ्या कानाला दोन गोष्टी लागल्या. एक, हे लोक गंधारावर स्थिर थांबतच नाहीत. कोमल आणि शुद्ध यांच्या मधेच तार ओढून धरतात. जोग रागात दोन्ही गंधार येतात, पण आपण चढताना एक, उतरताना दुसरा असा हिशेब ठेवतो. यांचा हिशेबच नाही, तरी गोड लागतं. पेटीवर तर ती जागा निघतच नाही, दोन पट्ट्यांच्या मधे बोट काय घालणार?

दुसरं, पुतण्या म्हणतो रिचची गिटार वेगळी लावलेली असते. नेहमीसारखी लावून ती गाणी तशी वाजत नाहीत. कशी लावायची? त्यानं 'शी टॉक्स टू एंजल्स'साठी तारा चढवल्या आणि एक तुटून गालाला लागली. आता घाबरून बसलाय.

---

रिवाइंडिंगवाला | ३ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:१५

खंजिरी दादा, स्वागत आहे. तुमच्या भाषेत सांगतो म्हणजे पटकन बसेल.

रिचची बरीच गाणी ओपन जी मध्ये आहेत. म्हणजे काहीही न दाबता सगळ्या तारा छेडल्या की पांढरी पाचचा पूर्ण सूर मिळतो. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार, ई वरून डी वर उतरवा. पाचवी ए वरून जी वर. पहिली, सगळ्यात बारीक, ई वरून डी वर. बाकी तीन जशाच्या तशा. आता पाचवीपासून खाली वाजवत या: सा, प, सा, ग, प. तंबोरा लावणाऱ्या माणसाला यात नवीन काहीच नाही. यात तारा उतरतातच, तुटायचं भय नाही.

'एंजल्स' ओपन ई मध्ये आहे, तिथं पोरगा फसला. त्यात पाचवी, चौथी आणि तिसरी अशा तीन तारा चढवाव्या लागतात, आणि जुन्या गंजक्या तारा तेवढा ताण घेत नाहीत. त्याला सांगा, चढवू नको. उलट ओपन डी कर: सहावी डी, पाचवी ए, चौथी डी, तिसरी एफ शार्प, दुसरी ए, पहिली डी. म्हणजे चार तारा थोड्या उतरतात, दोन तशाच. मग दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या पडद्यावर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की स्वर बरोबर ओपन ईचे मिळतात आणि ताणही वाढत नाही.

कॅपो नसेल तर कॅपोशिवायच वाजव म्हणा, दोन पट्ट्या खाली वाजेल एवढंच. आणि ट्यूनिंग करताना तोंड गिटारपासून लांब ठेव म्हणावं.